पायगुणाची खुर्ची

दुपारची भांडी घासून झाली की मी जरा आडवी होते. झोप अशी लागत नाही, नुसता डोळा लागतो, आणि मग मैदानं येतात. एका मैदानातून दुसरं निघतं. परळच्या मैदानाला लागून समुद्र असतो. खरं तर तिथे समुद्र नाही. गिरगावच्या चाळीच्या गॅलऱ्या कॉटन ग्रीनच्या गोदामांना चिकटलेल्या असतात आणि त्यांच्यामधून दादरचा वारा वाहतो. मधोमध मॅट अंथरलेली, वर दिवे, माणूस एकही नाही. तरी कुठून तरी कबड्डी कबड्डी असा एका दमातला आवाज येत राहतो. आता तुटेल, आता तुटेल म्हणून मी वाट बघते, आणि शेजारच्या खोलीतल्या कुकरची शिट्टी होते.

मी जी काही मुंबई पाहिली ती अशी, कबड्डीच्या मैदानांवरून. दुसऱ्या बायका देवळांच्या खुणेने रस्ता सांगतात. मला विचारलं तर माझ्या तोंडून पटकन जातं, ते नाही का, जिथे उपांत्य सामना झाला होता, त्याच्या मागे.

मी स्वतः कधी खेळले नाही. आमचे हेही खेळले नाहीत. ते कॉटन ग्रीनला एका गोदामात कामाला होते. काळाचौकीला आमच्या चाळीच्या मंडळाचा संघ आहे, त्याची पिशवी सांभाळणं एवढंच यांचं काम. पिशवीत गुडघ्याचे पट्टे, दुखऱ्या जागी मारायचा स्प्रे, पाण्याच्या बाटल्या आणि चार लिंबं. ती पिशवी हे इतक्या मानाने खांद्याला लावायचे की बघणाऱ्याला वाटावं, आत देव आहेत.

लग्न होऊन मी गावाहून आले त्याच महिन्यातली गोष्ट. दादरला साडी फॉल लावायला दिली होती, ती आणायला आम्ही दोघं गेलो होतो. परत येताना हे म्हणाले, परळला पाच मिनिटं उतरू, आपल्या पोरांची मॅच आहे. मी उतरले. एका कोपऱ्यात साडीची पिशवी छातीशी धरून उभी राहिले. आमची पोरं हरत होती, बरीच हरत होती, आणि मी तिथे उभी राहिल्यापासून काय झालं कोण जाणे, एकेक पकड बसायला लागली. समोरचा जो येईल तो आमच्यात अडकायचा. शेवटी जिंकले. त्या पोरांनी कितीतरी दिवसांत कुणाला हरवलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

कप्तान तेव्हा विशीतला, शेजारच्या चाळीतला, बोलायला तिखट. घामाने निथळत यांच्याकडे आला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "दादा, वहिनींचा पायगुण. पुढच्या मॅचला वहिनी नसतील तर पिशवीपण आणू नका."

आमच्याकडे नव्या सुनेच्या पायगुणावर काय काय मोजतात. कुणाला नोकरी लागते, कुणाची गाय व्याते, कुणाच्या सासऱ्याचा खोकला थांबतो. माझ्या वाट्याला कबड्डी आली.

तेव्हापासून जिथे सामना तिथे मी. पोरं टेम्पोने पुढे जायची, आम्ही दोघं बसने मागून. मैदानाच्या कडेला, आमच्या संघाच्या बाजूला, एक लाल प्लास्टिकची खुर्ची माझ्यासाठी मांडलेली असायची. मला त्या खुर्चीची फार लाज वाटायची. माझ्यापेक्षा मोठ्या बायका मागे उभ्या, आणि मी राणीसारखी पुढे. बसले की पाठीला सगळ्यांचे डोळे टोचायचे. एकदा मागून कुणी तरी विचारलं, ही कोण. दुसरा म्हणाला, यांची पंच आहे, घरून आणतात. मी मान वर केली नाही ती सामना संपेपर्यंत.

मी असताना आमचे हरलेसुद्धा पुष्कळदा. पण माझ्या पायगुणाला कुणी बोल लावला नाही. कारणं दुसरी निघायची. खुर्ची डावीकडे ठेवायला हवी होती. वहिनी उशिरा आल्या. वहिनी मधेच पाणी प्यायला उठल्या. मी जागची हलू नये म्हणून हे मला बसल्या जागी पाणी आणून द्यायचे आणि हळूच म्हणायचे, "तुझ्यामुळे मला पुढची जागा मिळते. बस जरा नीट, ऐट कर."

ऐट मला कधी जमली नाही. पण मान खाली घालून बसण्याचा एक फायदा झाला. मान खाली असली की पाय दिसतात. खेळाडूंचे पाय बघत बघत मला तो खेळ कळायला लागला. कोण खरोखर पुढे घुसणार आणि कोण नुसता घाबरवतोय, ते टाचेवरून समजायचं. हे मी कुणाला बोलले नाही. बसमधून घरी येताना फक्त यांना सांगायचे. हे खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून ऐकायचे. मी थांबले की डोळे न उघडता म्हणायचे, "मग?" बाहेर दुकानांचे दिवे मागे मागे जायचे, यांच्या चेहऱ्यावरून हिरवे, पिवळे सरकायचे, आणि मी सगळा सामना पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त बोलले असेन ती त्या बसमध्ये.

गिरगावचं मैदान म्हणजे इमारतींच्या मधला चौक. माणसं गॅलऱ्यांमधून बघायची, जेवणाचं ताट हातात घेऊन. एकदा वरून धुतलेल्या चादरीचं पाणी थेट मॅटवर टपकायला लागलं. पंचांनी सामना थांबवला आणि वर बघून सांगितलं, बाई, चादर काढा. ती बाई कठड्यावर कोपर टेकून म्हणाली, "तुमची मॅच आज आहे. माझं पाणी रोज याच वेळेला येतं." दोन्ही संघांनी मिळून मॅट पुसली. चादर तिथेच राहिली.

लालबागला मसाल्याच्या दिवसांत सामने होते. जवळच मिरची कांडायचं यंत्र चालू होतं. आमचा एक पोरगा चढाईला गेला, चांगला आतपर्यंत गेला, आणि त्याला शिंक आली. एक नाही, ओळीने. दम तुटला, बाद. मग त्यांचा गडी आमच्याकडे आला, त्यालाही शिंका. शेवटी पंचही शिंकले. कुणाचा गुण कुणाला द्यायचा यावर इतका वाद झाला की कांडपवाला स्वतः यंत्र बंद करून बघायला आला.

कॉटन ग्रीनला गोदामाच्या भिंतीवर कबुतरं बसलेली असायची. टाळ्या वाजल्या की ती सगळी एकदम उडायची, दिव्यांवरून फिरायची आणि परत तिथेच बसायची. मला अजून ते मैदान आठवलं की आधी पंख ऐकू येतात. तिथे यांचे गोदामातले मित्र यायचे. मला बघून उभे राहायचे, आणि हे उगाच खाकरायचे.

मग हे गेले. काविळीचं निमित्त झालं. मंडळाच्या पोरांनी सगळं केलं. कप्तान तर स्मशानातून आल्यावर आमच्या दारात तसाच बसून राहिला, उठायला तयार नव्हता. तोवर त्याचेही केस कानाशी पांढरे झाले होते. तो खेळायचा थांबला होता, पोरांना शिकवायचा, पण त्याला सगळे कप्तानच म्हणायचे. पिशवी मी धुऊन त्याच्या हातात दिली.

थंडी पडली की सामने सुरू होतात. त्या वर्षी खाली मंडळाच्या दारात नारळ फुटल्याचा आवाज आला, टेम्पो सुरू झाल्याचा आला. मला बोलवायला कुणी वर आलं नाही. मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, वर्षही झालं नाही, मी कशी जाणार.

पुढच्या वर्षीही नारळ फुटला. त्या दिवशी मी सकाळीच केस धुतले होते. का धुतले ते मला माहीत होतं, पण मी स्वतःला सांगितलं नाही. संध्याकाळी गॅलरीत तांदूळ निवडायला बसले. खाली पोरं जमली. संघात डाव्या कोपऱ्याला खेळणारा जो मुलगा आहे, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. त्याची बायको अबोली रंगाची साडी नेसून जिन्यातून उतरली, आणि तिला टेम्पोत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. कुणी तरी लाल खुर्ची उचलून मागे टाकली. टेम्पो गेला.

मी तांदूळ निवडत राहिले. एकच मूठ किती वेळा निवडली असेन.

कुणी मला वाईट बोललं नाही, हे सांगायला हवं. जिन्यात भेटला की कप्तान विचारायचा, वहिनी, गॅस आला का, डोळ्यांचं कसं आहे. पण सामन्याचा शब्द काढायचा नाही. आणि तो काढत नव्हता म्हणून मला कळायचं. ज्या बाईचा नवरा गेला तिचा कसला पायगुण. हे मला कुणी शिकवायला नको होतं, गावाला असल्यापासून ठाऊक होतं. वाईट याचं वाटायचं की मला ते पटायला लागलं होतं. संघ हरून आला की रात्रीच्या जेवणाला बसताना वाटायचं, आज मी गॅलरीतून टेम्पोकडे बघितलं होतं. म्हणून तर नाही?

मग मी बघणंही सोडलं. टेम्पोचा आवाज आला की आत जायचे. मैदानं फक्त दुपारची यायची, डोळा लागल्यावर. तेवढ्यावर भागेल असं मी धरून चालले होते, पण भागेना. मला खराखुरा सामना बघायचा होता. यांच्यासाठी नव्हे. यांच्यासाठी म्हटलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. मला माझ्यासाठी बघायचा होता, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

गेल्या थंडीत जिन्यात पोरांचं बोलणं कानावर आलं. रविवारी वरळी कोळीवाड्यात सामने आहेत, दुपारपासून, पुष्कळ संघ आहेत. आमच्यांचा सामना शेवटी शेवटी होता. मी शेजारणीला सांगितलं, सुकट आणायला जाते. मनात ठरवलं होतं, दुसऱ्यांचे दोन सामने बघायचे आणि आपल्या पोरांचा सुरू व्हायच्या आत निघायचं. म्हणजे माझी सावली त्यांच्यावर पडायला नको.

सुकट मी खरंच घेतली, खोटं नको म्हणून. मग गल्लीतून आवाजाच्या मागे मागे गेले. होड्यांच्या अलीकडे मोकळ्या जागेत मॅट टाकली होती. काठ्यांवर बोंबील वाळत होते, त्यांच्या पलीकडे पाणी, आणि पाण्यावर संध्याकाळचं ऊन असं पडलं होतं की मला क्षणभर वाटलं, मी घरी खाटेवरच आहे. परळच्या मागे जो समुद्र दिसायचा तो हाच. मी मागच्या बाजूला, एका उलट्या ठेवलेल्या होडीला टेकून उभी राहिले.

शेजारी एक कोळीण बसली होती, माझ्यापेक्षा मोठी, अंबाड्यात फुलं. तिने माझ्या पिशवीकडे बघितलं. "कुठची गो बाय तू? सुकट कुणाकडनं घेतलीस?" मी त्या कोपऱ्यावरच्या बाईचं सांगितलं. तिने पिशवीत हात घालून वास घेतला आणि म्हणाली, "गंडवलं तुला. बस आता, सामना तरी चांगला बघ." तिने सरकून मला जागा दिली. मला हसू आलं. मैदानावर मी पहिल्यांदाच अशी जमिनीवर, बायकांच्या मधे बसले होते. मागून मला कुणी बघत नव्हतं.

पहिला सामना मी डोळे भरून बघितला. कोण कुठले संघ, मला काही माहीत नव्हतं. कोण जिंकावं असंही वाटत नव्हतं. नुसते पाय मॅटवरून सरकत होते, वळत होते, उडत होते, आणि मी त्यांच्याबरोबर कुठे तरी लांब चालले होते.

तेवढ्यात लाउडस्पीकरवरून सांगितलं की पुढचा संघ अजून पोचलेला नाही, म्हणून शेवटचा सामना आधी घेत आहोत. आणि आमच्या मंडळाचं नाव घेतलं.

मी उठले. कोळणीने माझा पदर धरून खाली ओढलं. "बस की. आता तर रंग येईल." मला हिसका देऊन जाता आलं असतं. मी गेले नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि बसले.

समोर, मॅटच्या पलीकडे, लाल खुर्ची होती. त्यावर ती मुलगी बसली होती. हात मांडीवर घट्ट, मान खाली. मला माझीच पाठ टोचायला लागली.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची चढाई उरली तेव्हा आमची पोरं एका गुणाने पुढे होती. चढाई त्यांची. आमच्यांनी काहीच करायचं नव्हतं, नुसतं अंगाला हात लागू द्यायचा नव्हता. त्यांचा गडी आत आला, उजवीकडे गेला, परत फिरला. आमचा डावा कोपरा बाजूच्याचा हात धरून साखळीत उभा होता. मला त्याची टाच उचललेली दिसली. नको, मी मनात म्हटलं, थांब, त्याचा पाय अजून पडलेला नाही. तो सुटला, पायावर झेपावला. पाय नव्हताच तिथे. गडी वळला, एका हाताने दोघांनाही शिवला आणि मागे उडी मारून गेला. दोन गुण. शिट्टी झाली.

आमचे हरले होते आणि मी तिथे बसलेली होते. इतकी वर्षं ज्याची भीती वाटत होती ते माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. आणि मला भीतीच वाटेना. कारण मी बघितलं होतं. तो आधी सुटला, एवढंच. माझं पदराआड बसणं त्यात कुठेच नव्हतं. टाच होती, आणि पाय होता, जो पडायचा होता. मला इतकं हलकं वाटलं की मी शेजारच्या बाईचा हात धरला. ती म्हणाली, "तुझे होते होय गो? मग रडतेस कशाला, हसतेस काय?" मला मी काय करत होते ते कळत नव्हतं.

मग मी समोर बघितलं. पोरं मॅटवरून उतरून खुर्चीजवळून चालली होती आणि एकही त्या मुलीकडे बघत नव्हता. एकाने खुर्चीच्या पायाला लाथ लागल्यासारखं केलं. ती तशीच बसून होती, ओठ आत ओढून. पुढच्या वर्षी खुर्चीवर कुणाला बसवायचं ते बहुतेक ठरत होतं.

मी मॅटला वळसा घालून तिकडे गेले. कशी गेले ते आठवत नाही. सुकटीची पिशवी हातात होती एवढं आठवतं. मला बघून पोरं बाजूला झाली. कप्तान म्हणाला, "वहिनी? तुम्ही इथे?"

"मॅच बघायला आले," मी म्हटलं. आणि त्या मुलीकडे वळून म्हणाले, "तू कशाला रडतेस? डावा कोपरा आधी सुटला. तू खुर्चीत असतीस काय, घरी असतीस काय, तो सुटलाच असता."

मग मला आठवलं की डावा कोपरा म्हणजे तिचा नवरा, आणि तो तिच्या मागेच उभा होता, गुडघ्याचा पट्टा हातात घेऊन. ती मुलगी मात्र नाक पुसून माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "काकी, घरीपण असंच आहे. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत उठतात."

आधी कप्तान हसला, मग पोरं. नवऱ्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, हो, मी आधी सुटलो. पुन्हा म्हणाला, मला वाटलं पाय येईल.

हसणं विरल्यावर कप्तान माझ्या जवळ आला. खाली बघत, हळू आवाजात म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्हाला आता नको वाटेल. दादांची आठवण येईल."

खरं असेल, नसेल. बहुतेक थोडं खरं होतं. मी ते उकरलं नाही. मी म्हटलं, "मला आवडतं. बघायला." एवढंच बोलायला मला इतकी वर्षं लागली होती, आणि ते इतकं लहान वाक्य निघालं.

ती मुलगी खुर्चीवरून उठली आणि मला बसा म्हणाली. मी नको म्हटलं. माझी जागा तिकडे आहे, होडीपाशी, असं सांगून मी परत निघाले. थोडं चालले तर मागून साडीची सळसळ. ती माझ्या मागे येत होती. कोळणीने आम्हा दोघींना बघितलं, काही न विचारता आणखी सरकली.

ज्याला उशीर झाला होता तो संघ पोचला होता. ऊन गेलं होतं, दिवे लागले होते. पाण्यावरून गार वारा येत होता आणि वाळत घातलेले बोंबील एकमेकांवर हलत होते. थोड्या वेळाने कप्तान सांगायला आला, टेम्पो निघतोय, चला. मी उठणार तोच ती मुलगी म्हणाली, हा सामना संपू दे ना. कप्तानाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टेम्पोवाल्याला हात करून थांबायला सांगितलं. मग तोही तिथेच वाळूत टेकला.

"काकी, यातले आपले कोण?" तिने विचारलं.

"कुणीच नाही."

"मग जिंकणार कोण?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

कोळीण म्हणाली, निळे जिंकणार, त्यात तिचा भाचा आहे. ती मुलगी नीट दिसावं म्हणून गुडघ्यांवर उठून बसली.